जबड्याचं हाड आणि अर्ध्या तासातल्या ‘स्टेम सेल’

पत्र

डॉक्टर, माझं वय 63. खालच्या दाढा नऊ वर्षांपूर्वी एकेक करून काढाव्या लागल्या, राहिलेले पुढचे दात तीन वर्षांपूर्वी गेले. खालची कवळी दोनदा नवी करून झाली, पण बसत नाही. बोलताना वर उचलली जाते, चावताना एका बाजूनं सटकते. एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं की मागचं हाड झिजलंय, इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या स्क्रूला, पुरेसं नाही. कमरेच्या हाडाचा तुकडा घ्यावा लागेल किंवा जनावराच्या हाडाची पावडर भरावी लागेल. मला दोन्हीची धास्ती वाटते. दुसऱ्या दवाखान्यात म्हणाले, आमच्याकडे स्टेम सेल उपचार आहे. दंडातून रक्त घ्यायचं, अर्ध्या तासात त्यातून स्टेम सेल काढायच्या, हिरडीखाली भरायच्या, चार महिन्यांत तुमचंच हाड तयार. मुलगा म्हणतो, थांब, चार-पाच वर्षांत हे सगळीकडे होईल. नातवाचे दुधाचे दात पडतायत, ते जपून ठेवले तर मला उपयोगी येतील का? बाकी तब्येत चांगली आहे. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची एक गोळी पाच वर्षं चालू आहे, तेवढीच. ते दोन्हीकडे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आणि कवळी मी रात्रीही काढत नाही. घरात मुलं असतात, लाज वाटते.

– घास हरवलेली

उत्तर

ताई,

तुमचा प्रश्न स्टेम सेलचा आहे, पण पत्र वाचताना मी थबकले ती शेवटच्या चार ओळींवर. ‘तेवढीच’ म्हणून ज्या गोळीचा उल्लेख केलात, तिच्यावर मला तुमच्या बाकी सगळ्या पत्रापेक्षा जास्त बोलायचं आहे. पण आधी तुमचा प्रश्न, नाहीतर म्हणाल की विचारलं एक आणि उत्तर भलतंच. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून हाडासारख्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी.

दंडातून रक्त घेऊन अर्ध्या तासात जे तयार होतं त्याला पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) म्हणतात. फ्रान्समध्ये 2001 मध्ये जोसेफ शुक्रून यांनी ही पद्धत मांडली. मी स्वतः ती वापरते, त्यामुळे नीट सांगू शकते. रक्त गोठू नये म्हणून एरवी नळीत जे औषध असतं, ते न घालता रक्त घ्यायचं आणि लगेच यंत्रात गरागरा फिरवायचं. नळी बाहेर काढली की तीन थर दिसतात. वर पेंढ्याच्या रंगाचं पाणी, खाली लालभडक रक्तपेशी आणि मध्ये पिवळसर, थलथलीत गोळा. चिमट्यानं तो उचलला की जेलीसारखा लोंबतो. दाबून पाणी काढलं की त्याचा ओलसर पापुद्रा होतो. त्यात फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारं धाग्यांचं जाळं असतं, प्लेटलेट असतात, पांढऱ्या पेशी असतात. जखम भरायला त्याचा उपयोग होतो, दात काढलेल्या खळग्यात घातला तर हिरडी छान मिटते. पण त्यात हाड उभं करतील अशा स्टेम सेल नसतात म्हटलं तरी चालेल. दंडातल्या रक्तात त्या फिरत असत्या तर आम्हाला इतकी वर्षं अस्थिमज्जेत सुई घालायची गरजच पडली नसती.

तेव्हा त्या दवाखान्यात तुम्हाला देऊ केलेली वस्तू खोटी नाही, पण तिचं नाव खोटं आहे. आणि नऊ वर्षं झिजत आलेलं हाड त्या एकट्या जेलीनं परत येणार नाही.

मग खऱ्या स्टेम सेल कुठे असतात? मुख्यतः कमरेच्या हाडातल्या मज्जेत, थोड्या चरबीत, आणि दाताच्या आतल्या मऊ गरातसुद्धा. मज्जेतल्या काही पेशींपासून हाड तयार होऊ शकतं, हे मॉस्कोच्या अलेक्झांडर फ्रीडनश्टाइन यांनी 1960 च्या दशकापासून दाखवून दिलं. अडचण संख्येची आहे. मज्जेतल्या दहा हजार ते लाखभर पेशींमागे अशी एखादी सापडते. म्हणून त्या प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, आणि त्याला दिवस नव्हे तर आठवडे जातात. तुम्हाला कोणी स्टेम सेल उपचार देऊ केला तर एवढंच विचारा: पेशी शरीरातून कुठून घेणार आणि प्रयोगशाळेत किती दिवस वाढवणार? ‘इथेच, आत्ताच’ असं उत्तर आलं की पर्स उचला.

आता खऱ्या कामाबद्दल, कारण ते खरोखर झालंय आणि तुमच्यासारख्याच लोकांवर झालंय. नॉर्वेतल्या बर्गेन इथल्या मंडळींनी 2018 मध्ये 11 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. वयं 52 ते 79, सगळ्यांच्या खालच्या जबड्याचं हाड मागे पार झिजलेलं. प्रत्येकाच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली. ती जर्मनीत उल्म इथल्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथे पेशी वाढवल्या आणि परत आणल्या. मग कॅल्शियम फॉस्फेटच्या कृत्रिम दाण्यांवर त्या बसवून ते दाणे हाडाच्या कडेवर रचले आणि वरून पडदा झाकला. चार ते सहा महिन्यांनी उघडून पाहिलं, तर इम्प्लांट बसवण्याइतकं हाड आलेलं होतं. मोठा अपाय कोणाला झाला नाही. हे वाचताना मलाही आनंद झाला होता. पण तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता. नुसते दाणे घातले असते तर किती हाड आलं असतं, हे त्या 11 जणांवरून सांगता येत नाही.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात अशी तुलना झाली होती. 24 रुग्ण होते, 2013 चा अहवाल. तिथे मात्र प्रश्न सोपा होता, दात काढल्यावर राहिलेला खळगा भरायचा होता. अर्ध्या लोकांना मज्जेतून वाढवलेल्या पेशी, अर्ध्यांना नेहमीचा उपचार. सहाव्या आठवड्यात पेशीवाल्यांचं हाड स्पष्ट पुढे होतं. बाराव्या आठवड्यापर्यंत दुसरे बरेचसे गाठत आले. म्हणजे पेशींनी काम लवकर केलं. शेवटी किती फरक राहतो, हा प्रश्न उरलाच.

आणखी एक प्रयोग मला नेहमी आठवतो, कारण तो आम्हा दातवाल्यांना जमिनीवर आणतो. इटलीत 2009 च्या सुमारास अक्कलदाढ काढलेल्या जागी रुग्णाच्याच दाताच्या गरातल्या पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या स्पंजवर घालून ठेवल्या. हाड आलं, सगळे खूश. तीन वर्षांनी तपासलं तर त्या जागी जे जाळीदार, स्पंजासारखं हाड असायला हवं होतं, त्याऐवजी घट्ट, भरीव हाड तयार झालं होतं. ते वाईटच असं नाही, पण सांगितलं एक आणि पेशींनी केलं दुसरंच.

याचं कारण असं की आपण घातलेल्या पेशी स्वतः विटा होऊन भिंतीत बसतात, ही कल्पना आता बरीच मागे पडली आहे. घातलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत, आठवड्यांत मरतात. रक्तवाहिनीपासून दहावा-पाचवा हिस्सा मिलिमीटर, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीइतकं अंतर गेलं की प्राणवायू पुरत नाही, आणि भरलेल्या ढिगाऱ्याच्या मध्यभागी रक्तवाहिनी सुरुवातीला नसतेच. मरायच्या आधी त्या आजूबाजूच्या पेशींना निरोप धाडतात, या, इथे काम आहे. खरं बांधकाम तुमच्याच जागेवरच्या पेशी करतात. मज्जेतल्या अशा पेशींसाठी ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव 1991 मध्ये रूढ करणारे आर्नल्ड कॅप्लन यांनीच पुढे 2017 मध्ये लिहिलं की हे नाव बदला, यांना स्टेम सेल म्हणू नका. नाव देणाऱ्यानंच नाव मागे घ्यावं, असं शास्त्रात क्वचित होतं. दवाखान्यांच्या पाट्या मात्र बदलल्या नाहीत.

‘आपल्याच शरीरातलं आहे, अपाय काय होणार’ हे वाक्यही तुमच्या कानावर पडलं असेल. फ्लोरिडात तीन वयस्क बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या तथाकथित स्टेम सेल टोचल्या होत्या. तिघींची दृष्टी गेली. ते प्रकरण 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जबडा म्हणजे डोळा नव्हे, हे मान्य. पण आपली वस्तू चुकीच्या जागी, चुकीच्या रीतीनं घातली तरी ती आपलीच आहे म्हणून गप्प बसते असं नाही.

मुलाला सांगा, थांबण्याचा सल्ला प्रेमाचा आहे पण हाड थांबत नाही. दाताभोवतालचं हाड हे दाताचं हाड असतं. दात येतो तेव्हा ते येतं, दात गेला की त्याला तिथे राहायचं कारण उरत नाही, राबता नसलेल्या घरासारखं ते ढासळत जातं. पहिल्या वर्षात सगळ्यात वेगानं, मग हळूहळू, पण जन्मभर. कवळी वापरणाऱ्यांचा 25 वर्षं पाठपुरावा करून 1972 मध्ये आन्ट्ये टाल्ग्रेन यांनी दाखवलं की खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो. म्हणूनच वरची कवळी टाळूला चिकटून बसते आणि खालची नाचते. आरशासमोर बोट फिरवून पाहा, खाली मागच्या बाजूला दाढांच्या जागी सुरीच्या धारेसारखी अरुंद कड लागेल. त्या धारेवर कवळी कितीदा नवी केली तरी कारागिराचा दोष नाही.

नातवाचे दात आठवण म्हणून डबीत ठेवा, जरूर ठेवा. औषध म्हणून नको. दुधाच्या दाताच्या गरात अशा पेशी असतात हे 2003 मध्ये सिद्ध झालं, पण त्या जिवंत हव्यात. डबीतला वाळलेला दात म्हणजे नुसतं कवच. शिवाय त्या पेशी नातवाच्या, तुमच्या नव्हेत.

आता त्या गोळीकडे येते.

आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अशीच घेता ना? मग ती बहुधा अ‍ॅलेन्ड्रोनेट किंवा रायसेड्रोनेट असेल, पाकिटावर पाहा. या गटाला बिसफॉस्फोनेट म्हणतात. हाडाचं काम असं चालतं: काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या नवं घालतात. ही गोळी खरवडणाऱ्यांचे हात बांधते. त्यामुळे पाठीच्या मणक्याचं, खुब्याचं हाड टिकतं आणि मोडण्याचा धोका कमी होतो. फार मोलाचं औषध आहे. पण जबड्यात दात काढला, हाड कापलं, भर घातली, तर ती जखम भरताना आधी खरवडणाऱ्यांनीच साफसफाई करायची असते. क्वचित असं होतं की हिरडी मिटत नाही, आतलं हाड उघडं पडून आठवडेच्या आठवडे तसंच राहतं, सडतं. डॉक्टर मंडळींच्या लक्षात हे 2003 च्या सुमारास आलं. गोळीच्या मात्रेत ही गोष्ट विरळा आहे, घाबरू नका. कर्करोगासाठी शिरेतून देतात त्या मोठ्या मात्रेत ती कितीतरी जास्त होते. पण वर्षं वाढतात तसा धोकाही वाढतो, आणि तुमची पाच झाली आहेत. सोबत स्टेरॉइड किंवा अनियंत्रित मधुमेह असेल तर आणखी.

दोन्ही दवाखान्यांत कोणी विचारलं नाही, याचा मला राग आला, खरं सांगते. जबड्यात हाडाचं काम करण्याआधी हा पहिला प्रश्न असायला हवा. कमरेचं हाड असो, पावडर असो की स्टेम सेल असो, तुमच्या बाबतीत आधी ठरवायचं ते हे, की मोठा भराव घालण्याइतकं जबडा उघडायचा का? आणि जेवढं कमी उघडता येईल तेवढं बरं, या मताची मी आहे.

गोळी मनानं बंद करू नका. कोणाच्या सांगण्यावरून ‘ऑपरेशनपुरती’ सुद्धा नाही, जोवर गोळी लिहिणारे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत. (हाडांसाठी सहा महिन्यांनी इंजेक्शन घेणाऱ्या वाचकांनी तर अजिबात नाही. ते डेनोसुमॅब असेल तर अचानक थांबवल्यावर मणके मोडल्याची उदाहरणं आहेत.) दाताच्या डॉक्टरांकडे जाताना पाकीट घेऊन जा, नाव लक्षात ठेवायची भानगड नको.

आता खरं म्हणजे मला जे सुचवायचं आहे ते. तुम्ही आणि ते दोन्ही दवाखाने हाड कसं वाढवायचं याच्या मागे लागला आहात. तुम्हाला हवंय काय? कवळी जागेवर बसून घास चावता यावा. त्याला हाड वाढवावंच लागेल असं नाही.

खालच्या जबड्यातून एक नस जाते. ती मागून आत शिरते आणि साधारण लहान दाढांच्या जागी हनुवटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर येते. मागे हाड झिजलं की कड त्या नसेच्या अगदी जवळ येते, आणि तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर होते. म्हणून मागे इम्प्लांटला जागा नाही असं पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं. ते चुकले नाहीत. पण त्या दोन बाहेर पडण्याच्या जागांच्या मध्ये, हनुवटीच्या पट्ट्यात, नसेचा तसा अडसर नसतो आणि हाडही बहुतेकांचं पुरेसं उरलेलं असतं. तिथे दोन इम्प्लांट घालायचे, त्यांच्या डोक्यावर एक बोंड, आणि कवळीच्या आतून त्याची खोबण. टिचबटणासारखी कवळी वर बसते, टक् आवाज येतो, आणि ती उचलली जात नाही. रोज काढायची, धुवायची, परत लावायची. 2002 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर असं मत दिलं की खालचे सगळे दात गेलेल्या माणसासाठी साधी कवळी नव्हे, ही दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा.

यातही हाडाला भोक पडतंच, त्यामुळे गोळीचा विचार इथेही करायचा. पण दोन बारीक भोकं आणि अख्ख्या कडेवर रचलेला भराव यांत फरक आहे. पुढचे चार-सहा महिने इम्प्लांटभोवती हाड कसं धरतंय, हिरडी कशी मिटतेय यावर लक्ष ठेवावं लागेल.

यासाठी साधा एक्स-रे पुरत नाही. त्यात उंची दिसते, जाडी दिसत नाही. सीबीसीटी नावाचा, जबडा तिन्ही बाजूंनी दाखवणारा स्कॅन करायला सांगा, आणि डॉक्टरांना विचारा: हनुवटीच्या भागात उंची किती मिलिमीटर, रुंदी किती? मागचं विचारूच नका.

हनुवटीतही हाड अगदीच कमी निघालं, तर मग भर घालण्याची गोष्ट. तेव्हाही कमरेपर्यंत जायची वेळ क्वचित येते, थोडं हाड जबड्याच्याच मागच्या कोपऱ्यातून मिळतं. जनावराच्या हाडाच्या पावडरीत मांस-रक्त काही उरलेलं नसतं, जैविक भाग काढून टाकलेला असतो, राहतो तो फक्त खनिज सांगाडा. तरी मन घेत नसेल तर स्पष्ट सांगा, संकोच करू नका. कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणे मिळतात. बर्गेनच्या प्रयोगात पेशींखाली वापरले होते ते त्याच जातीचे.

आणि स्टेम सेलचं म्हणाल तर कुठे खरी, परवानगी घेतलेली चाचणी चालू असेल तर जरूर चौकशी करा. अशा चाचणीत सही करायच्या आधी कित्येक पानं वाचायला देतात, औषधं खोदून खोदून विचारतात, आणि प्रयोगाच्या उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. फक्त मनाची तयारी ठेवा, गोळीचं नाव ऐकून तुम्हाला नाही म्हणण्याची शक्यता बरीच आहे. 

राहिली रात्रीची कवळी. ती काढायचीच. चोवीस तास दाबाखाली राहिलेली हिरडी लाल होते, तिच्यावर बुरशी धरते, आणि तुमच्यासारखी गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीत कवळीच्या घासण्यानं पडलेली साधी जखमसुद्धा चिघळू नये म्हणून जपावं लागतं. दिवा मालवल्यावर काढा, झाकणाच्या डबीत पाण्यात ठेवा, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून लावा. नातवानं पाहिलंच तर त्याला सांगा, तुझे पडतात तसे आजीचेही पडले. त्याचं वय बघता तो पुढचा प्रश्न डबी उघडून दाखव असाच विचारेल.